धाकटी पेटी, थोरली पेटी

लग्न होऊन मी वडनेर भोलजीला आले, तेव्हा आमच्या घरात माणसांपेक्षा आवाजाच्या सामानाचीच गर्दी जास्त होती. ओसरीवर भोंगे पालथे घातलेले, कोठीत वायरींची भेंडोळी, आणि देवघराशेजारच्या फळीवर रेडिओतले काचेचे वॉल्व्ह कापसात गुंडाळून ठेवलेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या फळीला हातसुद्धा लावत नसत. एकदा झाडताना त्यांच्या हातून एक वॉल्व्ह फुटला होता, आणि घरात कुणी गेल्यासारखं तोंड करून त्यांचा मुलगा बसून राहिला होता म्हणे.

तो मुलगा म्हणजे माझे यजमान. मी त्यांना जन्मभर 'हे' म्हणत आले, इथंही तसंच म्हणते. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि गावात वीज नुकती आली होती. घरची शेती मोठी, कापूस-ज्वारीची. पण ह्यांनी अकोल्याला राहून रेडिओचं काम शिकून घेतलं होतं. नांगरटीच्या दिवसांत हे शेतकरी असत आणि लग्नसराईत लाउडस्पीकरवाले. पंचक्रोशीतलं लग्न असो, सप्ताह असो, आमचे भोंगे झाडावर चढलेच म्हणून समजा.

माझं माहेर देऊळगाव राजाचं. वडील शाळेत मास्तर, त्यामुळे घरात बोलणं जरा पुस्तकी. इथं मी 'मला' म्हटलं की माझी नणंद 'मले' म्हणून वेडावायची. ती नुकतीच मॅट्रिक झाली होती, जिभेला हाड नव्हतं, आणि सासरी मला पहिली मैत्रीण मिळाली ती तीच.

त्या उन्हाळ्यात ह्यांनी बैलगाडीवर घालून नांदुऱ्याहून एक धूड घरी आणलं. तंबूत सिनेमा दाखवणारा एक मालक धंदा बंद करून सामान विकत होता. त्याच्याकडून ह्यांनी पडद्यामागचा मोठा स्पीकर आणि आवाजाच्या लहानमोठ्या दोन मशिनी उचलल्या होत्या. दोन गडी आणि हे स्वतः, तिघांनी मिळून मोठ्या मशिनीची लोखंडी पेटी बैठकीत ठेवली तेव्हा शेणानं सारवलेली जमीन खचली.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवरून बघत होते. ते मोठ्यानं म्हणाले, "काऊन बे, गिरनी टाकतं का आता?"

"गिरनी नाई बाबा, थेटर हाये! घरात थेटर!"

"हाव, हाव. ठेव," मामाजी म्हणाले आणि मागच्या खोलीत निघून गेले.

मामाजींचं हे मागच्या खोलीत जाणं अलीकडे फार वाढलं होतं. आत्याबाई सांगत, पूर्वी बैठकीत त्यांच्याशिवाय पान हलत नसे. बांधाची भांडणं, सोयरिकी, सगळं त्यांच्या पुढ्यात मिटायचं. आता कुणी आलं की ते 'मले काम हाये' म्हणून उठायचे. आत काम काहीच नसायचं. बाजेवर बसून राहायचे. आम्हाला वाटलं, वय झालं, माणसांचा कंटाळा आला.

खरं काय ते कळलं पेपरमुळे. नांदुऱ्याहून दुपारच्या मोटारीनं आदल्या दिवशीचा पेपर यायचा, आणि नणंद तो मामाजींना वाचून दाखवायची. ते मान डोलवायचे, मधूनच 'बराबर हाये' म्हणायचे. एके दिवशी ती धावत स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, बाबा काऊन हसून राह्यले? मी तं आगीची बातमी वाचून राह्यली होती. गंज्या जयल्या, बैल मेला, अन् बाबा म्हन्तात, लय छान!"

मी जाऊन दाराआडून पाहिलं. मामाजी बाजेवर बसले होते. समोर मुलगी नव्हती, तरी त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू अजून तसंच होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाचं हसू असतं तसं, सगळ्यांना चालेल असं. मला एकदम भरून आलं. किती दिवस हा माणूस आमच्या तोंडाकडे बघून अंदाजानं माना डोलवत होता कोण जाणे.

ह्यांना सांगितलं तर आधी विश्वासच बसेना. "मी बोलतो ते तं समजते त्याईले."

"तुम्ही ओरडता," मी म्हटलं.

 हे हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून त्या लोखंडी पेटीकडे वळले. मग म्हणाले, "तं मंग हे थेटर त्याईच्याच कामी लावू."

ठरलं ते असं. बैठकीत एक माइक ठेवायचा. त्याची वायर भिंतीतून मागच्या खोलीत न्यायची आणि तिथं मामाजींच्या बाजेजवळ स्पीकर लावायचा. बैठकीत कोण आलं, काय बोललं, सगळं त्यांना आत ऐकू यावं. माइक आणि स्पीकर एकाच खोलीत ठेवले तर मशीन शिट्ट्या मारते, म्हणून ही दोन खोल्यांची तजवीज. सुताराकडून स्पीकरसाठी सागाची पेटी करून घेतली. आत्याबाई म्हणाल्या, एवढ्या लाकडात पाळणा झाला असता. मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

आता ह्या कामात मशिनी दोन लागतात. एक लहान. तिच्यात माइकचा बारीक आवाज येतो, आणि तो जड हवा की धारदार, ते तिच्या बटणांवर ठरतं. दुसरी मोठी. ती त्या आवाजाला जोर देऊन स्पीकरकडे ढकलते. नणंदेनं त्यांची नावं ठेवली धाकटी आणि थोरली. आमच्याकडे दोन धाकट्या होत्या. एक तंबू सिनेमाबरोबर आलेली, वॉल्व्हची. दुसरी अकोल्याहून आणलेली, नव्या ट्रान्झिस्टरची. थोरल्याही दोन होत्या. एक सिनेमाची आणि एक मांडवात भोंग्यांसाठी वापरायची.

ह्यांचा जीव सिनेमाच्या जोडीवर. त्यांनी धाकटी-थोरली दोन्ही सिनेमाच्याच जोडल्या आणि मला बैठकीत माइकपुढे बसवलं. मी चार ओळी बोलले आणि आत धावत गेले. हे डोळे मिटून बसले होते.

"पाह्यलं? काय भरीव आवाज हाये! छातीत घुमते."

छातीत घुमत होतं खरं. पण मला माझाच आवाज कुणीतरी विहिरीत उतरून बोलावं तसा वाटला. मामाजींना विचारलं, "कसा आहे आवाज?"

"लय छान," मामाजी म्हणाले.

मग ह्यांनी ट्रान्झिस्टरची धाकटी मांडवातल्या थोरलीला लावली. शब्द असे टोचत बाहेर आले की आत्याबाई कानावर पदर दाबून अंगणात निघून गेल्या. मामाजींना विचारलं. "लय छान."

सिनेमाची धाकटी आणि मांडवाची थोरली एकत्र केल्यावर तर नुसती खरखर. तरी मामाजी म्हणाले, "लय छान."

हे खूश. म्हणाले, "बाबाले सगळंच आवडून राह्यलं."

"अहो, त्यांना काहीच ऐकू येत नाही," मी म्हटलं. "मुलगा एवढा राबतोय म्हणून ते छान म्हणतात. आवाज कसा आहे ते विचारूच नका. काय ऐकू आलं ते विचारा."

हे नणंदेला फार पटलं. दुसऱ्या दुपारी ती पेपर घेऊन माइकपुढे बसली. हे मागच्या खोलीत मशिनीपाशी आणि मी दाराशी. सिनेमाची जोडी लावलेली. तिनं घसा खाकरला आणि अगदी बातमीच्या सुरात वाचायला लागली.

"वडनेर भोलजी. आज सकाळी येथील एका म्हशीने अंडे दिले. अंडे टोपलीएवढे आहे. ते पाहण्यासाठी कलेक्टरसाहेब येत आहेत."

मामाजींनी मान डोलवली. "बराबर हाये."

मला हसू आवरेना, पण ह्यांचा चेहरा पार उतरला. सगळ्या खोलीत घुमणारा तो भरीव आवाज आणि त्यात वडिलांची डोलणारी मान. त्यांनी मशीन बंद केली आणि ओसरीवर जाऊन बसले.

मी चहा घेऊन गेले. म्हणाले, "जोर तं पुरता हाये. मंग काऊन नाई समजत?"

मी मशिनीतली जाणकार नव्हे. पण कीर्तनाच्या वेळचं मला आठवत होतं. लांबून फक्त गुणगुण यायची, शब्द कळत नसत. भोंग्याजवळ गेलं की शब्द कळायचे, पण डोकं दुखायचं. मी म्हटलं, "जोर हवाय तो सिनेमाचा आणि धार हवी ट्रान्झिस्टरची. त्यांची जोडी लावून पाहिली का?"

"लावली होती. आवाजच निघत नाई. नुसता घुं घुं."

"का पण?"

हे काही तरी सांगायला लागले आणि मधेच थांबले. मग चहा तसाच ठेवून आत गेले. पुढचे कितीतरी दिवस दुपारच्या वेळी, शेतात काम नसताना, मागच्या खोलीतून तारांना डाख दिल्याचा वास येत राहिला. अडचण अशी होती की थोरलीला आत जेवढा आवाज लागतो तेवढा ती नवी धाकटी देतच नव्हती. मग दोघींच्या मधे ह्यांनी एक लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवला, आणि आवाज उठला. पण त्याच्याबरोबर ते घुं घुं दुप्पट झालं, जणू भिंतीत भुंगे राहायला आले. त्याचं कारणही मग सापडलं. दोन मशिनी अर्थिंगसाठी दोन वेगळ्या जागी जमिनीला जोडल्या होत्या. ह्यांनी दोन्हींच्या तारा अंगणात पुरलेल्या एकाच सळईला आणून बांधल्या. वैशाखात जमीन भेगाळलेली. सळईच्या बुडाशी ओल राहावी म्हणून मी तिथं रोज तांब्याभर पाणी घालू लागले.

आत्याबाईंनी ते पाहिलं. "काऊन व माय, लोखंडाले काय कोंब फुटनार हायेत?"

"आवाज चांगला येतो त्यानं," मी म्हटलं.

त्यांनी आकाशाकडे पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

मग एके दुपारी ह्यांनी बटण लावलं. भुंगे गेले होते. हे धाकटीचं एक बटण डावीकडे आणि दुसरं जरासं उजवीकडे फिरवत राहिले. आवाजातली घुमणारी जाडी कमी झाली, शब्दांच्या कडा उठल्या, पण टोचेना. ह्यांना ते फारसं आवडलेलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांच्या मते त्यात थेटर उरलंच नव्हतं. तरी त्यांनी हात काढून घेतला आणि बहिणीला हाक मारली, "वाच वं."

ती वाचू लागली, "आज सकाळी येथील एका म्हशीने अंडे दिले."

मामाजींची मान डोलली नाही. त्यांनी भुवया गोळा केल्या.

"ते पाहण्यासाठी कलेक्टरसाहेब..."

"म्हैस?" मामाजी म्हणाले. "अंडं? कोन वाचून राह्यलं हे? कोनाची म्हैस?"

नणंद बैठकीतून किंचाळली, ते स्पीकरमधून असं आलं की मामाजी दचकून बाजेवरून उठले. मग सगळं कळल्यावर ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. डोळे मात्र ते हसू थांबल्यावरही पुसत राहिले. हे मशिनीकडे तोंड करून वायरी आवरत बसले. पाठ आमच्याकडेच होती.

त्या दिवसापासून माइक दिवसभर चालू. मामाजी आत बसून बैठकीतलं सगळं ऐकायचे, आणि पटलं नाही की आतूनच खच्चून सांगायचे. पावसाचा अंदाज सांगणाऱ्या रेडिओवरच्या माणसाशी तर त्यांचं रोज वाजायचं.

दिवाळी झाल्यावर नणंदेला पाहायला रोहिणखेडहून पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे काका. मुलाला वडील नव्हते, काकांनीच वाढवलेला. मुलगा सावळा, उंच, सारखा आपल्या चपलांकडे बघणारा. काका मात्र बोलके, मिशीला पीळ दिलेला. पाहण्याचा कार्यक्रम झाला. हे पानसुपारी आणायला दुकानात गेले, आत्याबाई चिवड्याच्या मागे. मी आणि नणंद चहाचा ट्रे घेऊन माजघराच्या दाराशी पोचलो, आणि मला माइकवरचा लाल दिवा दिसला. तो चालूच होता. रेडिओशेजारी, भरतकामाच्या रुमालावर, पाहुण्यांच्या अगदी समोर.

काका पुतण्याकडे वाकले. "पाह्य बाप्पा. पोरगी मॅट्रिक हाये. तू सातवीतून शाळा सोडली. उद्या घरात तिचंच चालन. बुढा ठार बहिरा हाये म्हन्तात, बाहेर येतच नाई. भाऊ हा असा वायरी घेऊन बसलेला. इच्यार कर."

 नणंदेनं माझं मनगट घट्ट धरलं.

मुलानं पहिल्यांदा मान वर केली. "काका, मले तं पोरगी पसंत हाये. तिचं चालन तं चालू द्या. माह्यानं शेती होते, तिच्यानं कागद वाचनं होईन. दोघं मिळून एक शहाना तं होईन."

नणंदेची मनगटावरची पकड सुटली. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं आणि मामाजी बाहेर आले. टोपी नीट केलेली, धोतराचा सोगा हातात. कितीतरी दिवसांनी ते बैठकीत येत होते. पाहुणे गडबडीनं उठून उभे राहिले.

"बसा, बसा," मामाजी म्हणाले. "बुढा बहिरा होता, हे खरं हाये. पन ह्या वायरीवाल्यानं मले आतमंधी सारं ऐकवलं." मग ते मुलाकडे वळले. "अन् तुह्यं बी ऐकलं बापू. मले सोयरीक पसंत हाये."

काकांचा चेहरा पडला. ते हात जोडून भराभर बोलू लागले. माफी मागत होते, आपलं म्हणणं वाईट नव्हतं असं सांगत होते. मामाजी त्यांच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत राहिले. मग म्हणाले, "थांबा. इथं मले काईच समजत नाई. मी आत जाऊन बसतो. तुमी त्या डब्याजवळ बोला."

आणि खरंच आत जाऊन बसले.

पुढची सगळी बोलणी तशीच झाली. काका माइकजवळ खुर्ची ओढून बसले. आधी घाबरत एकेक शब्द बोलले. आतून मामाजींचं उत्तर आलं, ते शेजारच्या घरापर्यंत गेलं. मग काकांना धीर आला, आणि मग गोडी लागली. लग्न कुठं, वऱ्हाड किती, मुहूर्त कधी, हे तर झालंच. शिवाय रोहिणखेडच्या जुन्या मशिदीजवळच्या मळ्यातली केळी, यंदाची सरकी, स्वतःचं गुडघ्याचं दुखणं, सगळं त्यांनी माइकला सांगितलं. हे पानं घेऊन आले तेव्हा त्यांना कळेचना की काका रेडिओशी काय बोलतायत. जाताना काका ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लग्नात हे मशीन पायजेच बरं का."

लग्नात ते होतंच. भोंगे लोकांसाठी, आणि मांडवाच्या कडेला सागाची पेटी मामाजींसाठी. मंगलाष्टकं त्यांना शब्दन् शब्द ऐकू आली. तिसऱ्या कडव्यात भटजी चुकले, तेही त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं.

नणंद गेल्यावर घर उतरल्यासारखं झालं. पेपर वाचायचं काम माझ्याकडे आलं, पण दुपारी मला शिवण असायचं. मग मी पाहू लागले, की आत्याबाई ज्वारीचं सूप घेऊन बैठकीत, माइकच्या जवळ येऊन बसतात. आधी मला वाटलं, वारा लागतो म्हणून. पण त्या बोलायच्या. पाखडता पाखडता, सुपाकडेच बघत. शेजारणीची गाय व्याली, मिरची यंदा तिखट आहे, माहेरच्या आंब्याला मोहोर आला असेल. त्या पिढीतली बाई चारचौघांत नवऱ्यासमोर कधी बसली नाही, बोलली तर ओझरतं, कामापुरतं. आता मामाजी मागच्या खोलीत, आत्याबाई बैठकीत, मधे भिंत. आतून फक्त 'हाव' यायचं. पण तो हाव नेमका जिथं हवा तिथं यायचा.

एका दुपारी मी ओसरीवर सदऱ्याला बटणं लावत होते आणि वीज गेली. माइकचा दिवा विझला. आत्याबाईंचं लक्ष नव्हतं, त्यांचं बोलणं चालूच होतं.

थोड्या वेळानं मामाजी बाहेर आले. "काऊन थांबली?"

"थांबली कुठी?" आत्याबाई म्हणाल्या. "बोलूनच राह्यली."

मामाजींना ते ऐकू आलं नसावं. त्यांनी विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. मी मान खाली घालून बटण शिवत राहिले. मामाजी सावकाश खाली बसले, सुपाच्या पलीकडे, आणि आपला त्यातल्या त्यात बरा कान त्यांच्याकडे करून म्हणाले, "सांग आता. जरा मोठ्यानं."